बिनमिठाचा उन्हाळा

त्या उन्हाळ्यात आमच्या घरातून मीठ गेलं. पथ्य फक्त ताईला होतं, आबांनी बाकी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण आईनं पहिल्याच दिवशी मिठाची बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "पोर नुसत्या दुधावर राहणार आणि आपण तिच्यासमोर आमट्या भुरकायच्या? माझ्याच्यानं नाही व्हायचं." तेव्हापासून आमटी अळणी, भाकरी अळणी, ताकसुद्धा अळणी. आबा न बोलता जेवायचे. मी पुण्याच्या वसतिगृहातून सुट्टीला आलेला, मेडिकलची निम्मी वर्षं संपवून डोक्यात वारं भरलेला. मी स्टेशनसमोर जाऊन तिखटमीठ लावलेली कैरी खायचो आणि हात धुऊन घरात शिरायचो. ताईला वास यायचाच. "कैरी होती ना रे, दिगू?" ती विचारायची. "देऊ नकोस. फक्त सांग, किती आंबट होती."

आमचं घर लोणावळ्याच्या बाजारामागच्या गल्लीत होतं. पुढच्या दोन खोल्यांत आबांचा, म्हणजे वडिलांचा, दवाखाना, मागे आम्ही. भिंतीपलीकडे चिक्कीची भट्टी होती. सकाळपासून शेंगदाणे भाजल्याचा वास यायचा, आणि पाक ओट्यावर पडला की तो गार व्हायच्या आत लाटायची घाई उडायची, त्या लाटण्यांचा दणदणाट आमच्या भिंतीतून ऐकू यायचा. पलीकडे उतारावर रेल्वे. घाट चढवायला गाडीला मागून लावलेलं इंजिन सुटायचं तेव्हा लोखंडाचा असा दणका बसायचा की दवाखान्यातल्या काचेच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. वरच्या फळ्यांवर आसवं, अरिष्टं, चूर्णं. खालच्या कप्प्यात स्टेथोस्कोप आणि इंजेक्शनच्या सुया उकळायचा डबा. आबा अशा कॉलेजात शिकले होते जिथे दोन्ही शास्त्रं शिकवत. पुण्याचे डॉक्टर त्यांना वैद्य म्हणत आणि वैद्य त्यांना डॉक्टर म्हणत. दोन्हीकडच्या बोलण्यात थोडी टिंगल असे. आबांना त्याचं काही वाटायचं नाही. "पोट वाचायला दोन डोळे लागतात," ते म्हणायचे. "एक झाकून वाचणाऱ्याला मी हुशार म्हणत नाही, हट्टी म्हणतो." हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितो आहे. पुढे आयुष्यभर मी आबांनाच हट्टी म्हणत आलो.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण कमल, घोरावाडीला दिलेली होती. भावोजी तळेगावात एका कचेरीत होते, सरळ माणूस, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. मग एकदाचं ताईचं पोट दिसू लागलं आणि सासूबाईंनी सातव्या महिन्याची वाट न बघता थाटात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी. झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या तेव्हा ताईनं उघडलेल्या वाटीत पेढा निघाला, म्हणजे मुलगा, म्हणून बायकांनी गलका केला. आई तिथून परत आली ती गप्पच. आबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "पोट दिसतंय हो. पण बाकीची पोरगी कुठे गेली? मनगटातून बांगड्या गळून पडताहेत." दुसऱ्या दिवशी आबा घोरावाडीला गेले. त्यांनी लेकीच्या पोटाला हात लावला, स्टेथोस्कोप ठेवून बाळाचे ठोके शोधले, पुन्हा पुन्हा शोधले, आणि मग विहिणीला म्हणाले, "कमलला थोडे दिवस घेऊन जातो. मूल नाही. पाणी झालंय." विहीणबाई दाराला टेकून उभ्या होत्या. "म्हणजे पाण्याचं डोहाळजेवण घातलं म्हणायचं आम्ही!" त्या म्हणाल्या. ताई हिरव्या चुड्यातच आमच्याकडे आली. पुढे कुणी तो उतरव म्हटलं नाही, आणि तिनंही उतरवला नाही.

आबांनी तिला तपासलं ते दवाखान्यात नाही, माजघरात, आईला शेजारी बसवून, आणि मलाही बोलावलं. "तू आता शिकतोयस. सांग काय ऐकू येतं." मी डाव्या हाताचं बोट पोटावर आडवं ठेवून त्यावर उजव्या हाताच्या बोटानं ठोकलं, जसं वॉर्डात शिकवलं होतं. मधोमध पोकळ आवाज, दोन्ही कुशींना भरल्या माठासारखा बद्द. तिला कुशीवर वळवलं तर वरच्या कुशीतला बद्दपणा गेला आणि खालच्या बाजूला सरकला. मी छाती फुगवून पाणी असल्याची खूण इंग्रजीत सांगितली. आबा हसले. त्यांनी एका कुशीवर तळवा ठेवला आणि दुसऱ्या कुशीवर टिचकी मारली. लाट पलीकडे जाऊन आदळली. "आमच्याकडे याला पाण्यानं भरलेल्या पखालीची उपमा आहे. तुझी आणि माझी भाषा वेगळी, पखाल एकच." आता कुणाचं पोट असं कुणी वाचत नाही. पोटावर जेल लावतात, यंत्र फिरवतात, पडद्यावर पाणी काळं दिसतं. चांगलंच आहे. त्या यंत्राला कुणाच्या सांगण्यावर विसंबावं लागत नाही.

पाणी होतं, पण कशामुळे, हा प्रश्न होता. आबांना दोन शंका होत्या. एक यकृताची, ते सुजून मंदावलं की पोटात पाणी साठतं. दुसरी क्षयाची, कारण संध्याकाळी ताईचं अंग कोमट लागायचं. पुण्याला नेऊन सुईनं पोटातलं पाणी काढून तपासणं हा सरळ रस्ता होता, आणि आबा त्याच रस्त्याला निघाले होते. अडवलं ते ताईनं. "आबा, क्षयाचं नुसतं नाव निघालं तर घोरावाडीचं दार बंद होईल. आधीच मी तिथे पाण्याची बाळंतीण झाले आहे." ती हे हसत म्हणाली आणि मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसता ती रडली. मग आबांनी ठरवलं: अक्षय्य तृतीयेपर्यंत फक्त दूध, मीठ नाही, पाणी नाही, रोज सकाळी हलकं रेचक. तेवढ्यानं पोट उतरलं तर रोग यकृताचा. नाही उतरलं तर कुणाचं काही न ऐकता पुणे. "याला उपशय म्हणतात," त्यांनी मला समजावलं. "औषधानं रोगाला विचारलेला प्रश्न. काय दिल्यावर बरं वाटतं त्यावरून रोग ओळखायचा. पण एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, दिगू. दोन विचारलेस तर उत्तर कुठल्याचं आलं ते कळणार नाही."

पोट मोजायला आबांनी एक जाड सुती दोरा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला. दर सोमवारी सकाळी, दूध घ्यायच्या आधी, आई तो ताईच्या बेंबीवरून फिरवायची आणि टोक जिथे मिळेल तिथे गाठ मारायची. मग दोरा देवघराच्या खुंटीला. नवी गाठ जुन्या गाठीच्या आत पडली की बाहेर, हे बघायला आम्ही सगळे असे जमायचो की जणू निकाल लागणार आहे.

दूध बेडश्याहून यायचं. तिथला सखाराम, लेण्यांच्या पायथ्याला दोन तुकडे भात पिकवणारा, पहाटेच कामशेतला येऊन गाडी पकडायचा आणि किटली घेऊन आमच्या मागच्या दारात हजर व्हायचा. त्याचं स्वतःचं पोट एकदा असंच भरलं होतं आणि आबांच्या दुधानं उतरलं होतं. त्यामुळे त्याच्या दृष्टीनं ताईचा प्रश्न सुटल्यातच जमा होता. "ताई, दुदाला नावं ठिवू नगा," तो उंबऱ्यावर बसून सांगायचा. "म्या आख्खा पावसाळा ह्येच पीलो. घरात सुकट भाजली की डोळ्यात पानी यायचं. पर आबांनी मला मसनातनं मागारी आनला."

"आणि आता?" ताई विचारायची.

"आता काय! बायकू म्हनती, प्वाट ग्येलं तसं त्वांड बी ग्येलं आस्तं तर लय बरं झालं आस्तं."

ताई उशीत तोंड खुपसून हसायची, कारण हसलं की पोट दुखायचं.

पहिल्या सोमवारी नवी गाठ बाहेर पडली. दुसऱ्या सोमवारीही बाहेरच. आबा म्हणाले, "थांबू." त्यांचा चेहरा शांत होता, त्यांनी पुण्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना निरोपही धाडून ठेवला होता. आज मला दिसतं की सगळं नीट चाललं होतं. दुधानं विचारलेल्या प्रश्नाला पोट 'नाही' म्हणत होतं, आणि आबा ते 'नाही' ऐकायला तयार होते.

मी तयार नव्हतो. मी वॉर्डात फुगलेली पोटं उतरताना बघितली होती. लघवी वाढवून पाणी काढणाऱ्या गोळ्या तेव्हा नव्या होत्या आणि आम्हा पोरांना त्यांचं फार कौतुक. मी एक दिवस पुण्याला जाऊन पुढच्या वर्गातल्या मित्राकडून त्या आणल्या. ताईचं दुःख बघवत नव्हतं हे खरं. पण तेवढंच खरं नाही. सखारामाच्या दुधापुढे माझं पुस्तक थोर ठरावं, पोट उतरल्यावर आबांसमोर गोळ्यांची पुडी ठेवून म्हणावं, बघा, असं मला वाटत होतं. तो प्रसंग मी मनात इतक्या वेळा रंगवला होता की त्यातला आबांचा चेहरासुद्धा ठरलेला होता.

दुपारी आई भट्टीवरच्या बायकांशी बोलायला गेली होती तेव्हा मी ताईला पुडी दिली. "दुधाबरोबर घ्यायच्या. आबांना सांगू नकोस."

तिनं गोळी तळहातावर धरून बघितली. "दोन्ही चालतं ना रे एकदम?"

"न चालायला काय झालं? ते हळू काम करतं, हे भराभर."

"तू डॉक्टर," ती म्हणाली आणि गोळी तोंडात टाकली.

पुढच्या सोमवारी गाठ आत पडली. चांगली बोटभर आत. आईनं दोरा पुन्हा फिरवला, कारण तिचा विश्वास बसेना. आबांनी तो हातात घेतला, खिडकीशी नेला आणि गाठीवरून अंगठा फिरवत राहिले. मी तोंड उघडलं होतं. माझ्या मनातला तो प्रसंग हाच होता. पण आबा वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि असा चेहरा मी रंगवलेला नव्हता. "यकृतच," ते म्हणाले. "क्षय नाही. कमल, क्षय नाही गं!" आईनं देवाला साखर ठेवली. मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या सोमवारी दोरा आणखी आखडला आणि सांगणं आणखी अवघड झालं. आबांनी पुण्याचा बेत रद्द केला. घोरावाडीला निरोप गेला. भावोजी साडी आणि पायरी आंब्यांची करंडी घेऊन आले, ओटीवर अवघडून बसले आणि म्हणाले, "आई म्हणते, अक्षय्य तृतीयेला घेऊनच ये." ताईनं आंबा नुसता हुंगून परत ठेवला. ती साडी तिनं उशाशी ठेवली होती.

पोट उतरत होतं आणि ताई विझत होती. पायांत गोळे यायचे. भिंत धरून उठायची. आबांना वाटलं रेचक तीव्र होतंय. त्यांनी ते निम्मं केलं. मला कळायला हवं होतं. रेचकानं, गोळीनं, मीठ तोडल्यानं, तिन्हीकडून तिच्या अंगातले क्षार चालले होते, आणि ते संपले की आधी स्नायू ढिले पडतात, मग हृदय. वर्गात हे शिकवून झालं होतं, मी त्याचं उत्तर परीक्षेत लिहिलंही होतं. एकदा आई नसताना तिनं विचारलं, "दिगू, गोळी थांबवू का? पाय माझे वाटतच नाहीत. मध्येच छातीत पाखरू फडफडतं."

"आता थोडक्यासाठी?" मी म्हटलं. "सणाला तुला घरी जायचंय ना?"

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मीठ परत येणार होतं. आईनं बरणी खाली काढून, पुसून, चुलीशेजारी ठेवली होती. वरण शिजत होतं. त्यात आबा आपल्या हातानं पहिली चिमूट घालणार होते. ताई नवी साडी नेसून आईपुढे केस विंचरून घ्यायला बसली आणि बसल्या जागी कलंडली. आबांनी नाडी धरली. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. ती बोटं नाडी शोधत वर सरकत गेली, मनगटापासून कोपरापर्यंत. गावातले डॉक्टर आपली गाडी घेऊन आले, आम्ही तिला त्यांच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी सलाईन लावलं, आणि आबांना विचारून, पोटात सुई घालून उरलेल्यातलं थोडं पाणी काढून पुण्याला तपासायला पाठवलं. ताई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. माझ्याकडे बघायची, पण बोलली नाही. तिनं माझं गुपित पाळलं. पुडी मी नंतर तिच्या उशीच्या अभ्र्यातून काढून घेतली.

पाण्याचा निकाल आला तो क्षयाचा. पोटाचा क्षय, तेव्हाही इंजेक्शनांनी बरा होणारा. आबा त्या कागदाकडे नाही, खुंटीवरच्या दोऱ्याकडे बघत बसले. "क्षय होता तर दुधानं दोरा आखडला कसा?" ते मला विचारायचे. मी घरातला दुसरा शिकलेला माणूस, म्हणून मला. "सांग ना रे. तुमच्या पुस्तकात काही असेल." मी मान हलवायचो. शेवटी उत्तर त्यांनीच तयार केलं. "पोरीचं शरीर आटत होतं, दिगू. मी समजलो, रोग आटतोय. लेकीच्या मायेनं माझे दोन्ही डोळे गेले." दवाखाना त्यांनी बंद केला. सखाराम एकदा भाचीला घेऊन आला, तिचं पोट दुखत होतं. आबा म्हणाले, "डॉक्टरकडे ने." सखाराम म्हणाला, "आबा, तुमीच आमचे डाक्टर." आबांनी आत येऊन दार लावून घेतलं.

आणि मीठ आमच्या ताटात परत आलं, त्यांच्या ताटात नाही. त्यांनी कधी व्रत घेतल्याचं बोलून दाखवलं नाही. आईनं वाढताना सवयीनं पहिलं मीठ वाढलं की ते बोटानं बाजूला सारायचे, एवढंच. पुढे आईनं वाढणंच सोडलं.

मी डॉक्टर झालो, नाव झालं. आणि मी ही गोष्ट सांगत आलो. विद्यार्थ्यांना, सभांमधून, नव्या नात्यांतल्या माणसांना: माझे वडील उत्तम वैद्य होते, पण हट्टी; दुधावर विसंबले आणि माझी बहीण गेली. ऐकणारे हळहळायचे. माझ्या बायकोला मी हेच सांगितलं, मुलांनाही. माझ्या नातवंडांना आबांविषयी एवढी एकच गोष्ट माहीत आहे.

मध्यंतरी तळेगावच्या बाजूला एका रुग्णालयात पोटाच्या विकारांसाठी नवा विभाग निघाला. वैद्य आणि डॉक्टर एकत्र बसून रोगी तपासणार, नाडी आणि सोनोग्राफी एकाच खोलीत. आबांना आवडलं असतं. मला पाहुणा म्हणून बोलावलं आणि मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, या वयात आवाज आपोआप कापतो, तसा कापला. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एक तरुण वैद्य मुलगी कप हातात घेऊन जवळ आली. "सर, एक शंका आहे. क्षयाचं पाणी नुसत्या दुधानं उतरत नाही. मग दोरा आखडला कसा?"

आबांनंतर हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. एवढी वर्षं एवढ्या डॉक्टरांना मी ही गोष्ट सांगितली, आणि सगळ्यांना ती पटली.

"मलाही ते कधी कळलं नाही," मी म्हटलं. ती "बरं, सर" म्हणाली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. गाडीत बसलो तेव्हा नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यांच्या बसगाड्यांनी रस्ता तुंबला होता, आणि त्या गर्दीत बसून मला पक्कं कळलं की मी पुन्हा तेच केलं आहे. म्हणून हे लिहिलं. दोरा दुधानं आखडला नव्हता. आबांनी पोट बरोबर वाचलं होतं. त्या पोटाच्या तोंडी खोटं उत्तर मी घातलं होतं. हे वाचून कुणी मला क्षमा करावी अशी अपेक्षा नाही. क्षमा करू शकणारी माणसं त्या त्या वेळी माझ्यासमोर बसलेली होती.

आबांच्या शेवटच्या दिवसांत आई नव्हती. मी लोणावळ्याला त्यांच्याजवळ जाऊन राहिलो होतो. भट्टी बंद पडून तिथे दुकानं झाली होती, गाड्या मात्र तशाच घाट चढून यायच्या. त्या दिवशी ते भिंतीला टेकून बसले होते, मी मऊभात कालवून देत होतो. दोघंच होतो. वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, खरोखर आलं होतं. मी हातातला घास खाली ठेवला.

"काय रे?" आबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "ताक वाढू?"

"वाढ," ते म्हणाले. "मीठ नको."